‘जरा सोसा’ हे उत्तर नव्हे

मालिशच्या टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाच्या खांद्यात अंगठा रुततो, तो कळवळून अंग चोरतो आणि वरून आवाज येतो, ‘जरा सोसा, गाठ आहे, फुटली की मोकळं वाटेल.’ चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरणारा मालिशवाला हेच सांगतो, बाळंतिणीचं अंग चोळायला येणारी बाई हेच सांगते आणि तासाला काही हजार रुपये घेणाऱ्या स्पामधला गणवेशातला थेरपिस्टही हेच सांगतो. तिथे फक्त ‘डीप टिश्यू’ हे नाव जोडलेलं असतं. टेबलावरच्या माणसालाही ते मनापासून पटलेलं असतं. दुखलं नाही तर हात हलका होता, पैसे वाया गेले, असं तो घरी येऊन सांगतो. दुखेल तेवढा गुण येतो, या समजुतीला माझा विरोध आहे. शरीरशास्त्राचा तिला आधार नाही, मालिशवर झालेल्या चांगल्या प्रयोगांचा नाही, आणि जिच्या नावाने ती खपवली जाते त्या आपल्या परंपरेचाही नाही. माझा मुख्य आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. आपल्या शरीरात काय चाललं आहे हे सांगायचं टेबलावरच्या माणसाकडे एकच साधन असतं, त्याची कळ. ‘सोसा’ म्हणणारा तेच साधन त्याच्या हातून काढून घेतो.

सुरुवात या गाठीपासूनच करू. मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल पट्ट्यात दाबल्यावर कळ मारणारी जागा सापडते, हे खरं आहे. ती दुखणाऱ्याच्या मनाचा खेळ नाही. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सिमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी अशा जागांवर १९८३ साली एक मोठा ग्रंथ काढला आणि ‘ट्रिगर पॉइंट’ हा शब्द जगभरच्या मालिशवाल्यांच्या तोंडी बसवला. (ट्रॅव्हेल या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या डॉक्टर होत्या, केनेडींची पाठदुखी प्रसिद्धच आहे.) त्यांच्या पहिल्या पद्धतीत ती जागा चांगल्या जोराने, तिथलं रक्त काही वेळ अडेल इतकी, दाबून धरायची होती. पण १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सूचना बदलली. बोटाला अडसर जाणवेल इतपतच दाबायचं, तिथेच थांबायचं, अडसर सैल पडला की मगच पुढे सरकायचं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे ज्यांनी ही जागा जगाला दाखवली त्यांनीच पुढे हात आवरता घेतला, आणि आपल्याकडचे अंगठे अजून जुन्याच आवृत्तीत रुतलेले आहेत. त्यातही ही जागा नेमकी काय आहे यावर एकमत नाही. दोन अनुभवी माणसांना एकच पाठ तपासायला दिली तर ती दोघं वेगवेगळ्या जागी बोट ठेवतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. २०१५ साली ‘रुमेटॉलॉजी’ या नियतकालिकात तर ही सगळी उपपत्तीच टिकत नाही, असा सविस्तर लेख आला. तेव्हा गाठ कशाची, हेच ठरलेलं नसताना ती फुटली हे कोण आणि कशावरून सांगणार? जोराने रगडल्यावर खात्रीने फुटतात त्या त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या. दुसऱ्या दिवशी पाठीवर उठणारे काळेनिळे डाग त्यांचेच असतात, आणि तेच डाग कित्येक जण उपचाराची पावती म्हणून कौतुकाने दाखवतात.

गाठीचा जोडीदार म्हणजे ‘चिकटलेलं आवरण’. स्नायूंभोवती जे पांढरं, चिवट वेष्टन असतं, ज्याला इंग्रजीतून आलेला ‘फॅशिया’ हा शब्द आता सर्रास वापरतात, ते आखडतं आणि कोपराने रेटून सुटं करावं लागतं, असं सांगितलं जातं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला आणि तळपायाला असणारं हे वेष्टन एक टक्का दाबायला किंवा सरकवायला किती बळ लागेल, याचं गणित २००८ साली एका अमेरिकी गटाने मांडलं. ते बळ माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं निघालं. जे हाताच्या बळाने हलतच नाही ते सोडवण्यासाठी माणसाला टेबलावर विव्हळत ठेवणं कशासाठी?

तिसरी कथा विषाची. दाबल्यावर ‘टॉक्सिन’ बाहेर पडतात, म्हणून मालिशनंतर अंग ठणकतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं. ही विषं कोणती, असं विचारलं तर बहुतेक वेळा लॅक्टिक अ‍ॅसिडचं नाव निघतं. व्यायामात तयार झालेलं लॅक्टिक अ‍ॅसिड साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून संपवतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्याच्याशी त्याचा संबंध नाही. ते दुखणं सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं असतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यायामानंतर लगेच मालिश केली, तर हाताच्या दाबाने स्नायूतला रक्तप्रवाह अडला आणि लॅक्टिक अ‍ॅसिड उलट हळू बाहेर पडलं. त्याच देशातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१२ मध्ये ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटं मालिश दिली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश झालेल्या मांडीत दाह वाढवणाऱ्या खुणा कमी दिसल्या. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये काहीच फरक नव्हता. मालिशचा परिणाम होतो, पण तो विष पिळून काढण्याचा नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यासाठी त्यांना कोणाच्या कोपराची वाट पाहावी लागत नाही.

आता ज्या प्रयोगाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे त्याविषयी. सिअ‍ॅटल परिसरात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ लोकांचे तीन गट केले गेले. निष्कर्ष २०११ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आले. एका गटाला नेहमीचेच उपचार चालू राहिले. दुसऱ्या गटाला ‘रचनात्मक’ मालिश मिळाली, म्हणजे दुखण्याचं मूळ असलेले स्नायू आणि आवरणं हुडकून त्यांवर नेमकं काम करणारी, स्पाच्या दरपत्रकात ‘डीप टिश्यू’च्या आसपास सापडते तशी. तिसऱ्या गटाला मिळाली साधी, अंग सैल करणारी मालिश. दोन्ही मालिश आठवड्यातून एकदा, अशा दहा वेळा. दहा आठवड्यांनी मालिश घेतलेल्या दोन्ही गटांची कंबर नेहमीच्या उपचारांपेक्षा बरी होती, वाकणं-उठणं सोपं झालं होतं, आणि त्या दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शोधून, खोल जाऊन, नेमक्या जागी केलेल्या कामाने साध्या सुखकर मालिशपेक्षा जास्त काही साधलं नाही. दुखेल तेवढा गुण असता तर हे दोन गट वेगळे दिसायला हवे होते. वर्षभरानंतर दोन्हींचा फायदा बराच ओसरला होता, हेही सांगितलं पाहिजे. मालिश हा रामबाण आहे असं माझं म्हणणं नाही. कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या २५ चाचण्या एकत्र करून २०१५ साली काढलेला निष्कर्ष सावध आहे: थोड्या काळापुरता आराम मिळतो, पण पुरावा कच्चा आहे. त्याच आढाव्यात मालिशचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम कोणता आढळला? दुखणं वाढणं. वेगवेगळ्या चाचण्यांत दीड टक्क्यापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत लोकांनी ते नोंदवलं होतं. ज्याला आपण औषध उतरल्याची खूण समजतो, ते अभ्यासकांच्या वहीत तोट्याच्या रकान्यात लिहिलं जातं.

यावर कोणी म्हणेल, ‘पण जोरात रगडून घेतल्यावर खरंच बरं वाटतं, ते काय खोटं?’ खोटं मुळीच नाही. एका जागी तीव्र कळ उठली की मेंदू आणि मज्जारज्जू काही काळ बाकीच्या वेदनांचा आवाज खाली करतात. दुखण्याने दुखणं दबतं हे प्रयोगशाळेत चांगलं तपासलेलं आहे. त्यात तासभराचा छळ संपल्याचा हायसेपणा मिसळतो. पण हा परिणाम थोडा वेळ टिकतो, आणि तेवढ्याचसाठी कळ सोसण्याची गरज नाही, कारण वेदना दाबायला नुसता स्पर्शही पुरतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांताने ते समजावलं: त्वचेवरून जाणारी स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूच्या दाराशीच वेदनेची वाट अडवते. गुडघा आपटला की आपण नकळत तो चोळतो, ते यामुळेच. याचा अर्थ मोरपीस फिरवावं असाही नाही. मायामी विद्यापीठातल्या टिफनी फील्ड यांनी मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर केलेल्या कामापासून पुढे अनेक अभ्यासांत हेच दिसत गेलं की अगदी हलक्या स्पर्शापेक्षा मध्यम दाबाचा उपयोग जास्त होतो. दाब हवाच. प्रश्न आहे तो दाबाने स्नायू सैल होतात की आखडतात हा. दाब सहन होईना की माणूस श्वास रोखतो, मुठी वळतो, दात आवळतो, आणि जो स्नायू सैल करायचा तोच बचावासाठी ताठ होतो. अशा पाठीवर आणखी जोर लावणारा माणूस त्या स्नायूशी झगडत असतो, त्याच्यावर उपचार करत नसतो.

परंपरेचं नाव घेणाऱ्यांना उत्तर द्यायला परंपराच पुरेशी आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावावं, असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात व्यायामानंतर अंग चोळण्याचा उल्लेख येतो, आणि ते कसं चोळावं, तर सुख वाटेल अशा रीतीने. दुखेपर्यंत चोळा असं तिथे नाही. अभ्यंग कोणी करू नये हेही तिथेच आहे: कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने. सुश्रुतसंहिताही नव्या तापात अभ्यंगाला मनाई करते. म्हणजे आधी माणसाची चौकशी, मग तेलाला हात, हा क्रम आपल्याकडे शतकानुशतकांचा आहे. तो कोणी पाश्चात्त्यांकडून आणलेला नव्हे. कोल्हापूरच्या तालमीतल्या मालिशचा दाखला हमखास दिला जातो. ती जोरकस असते, मान्य. पण तिथे एकमेकांचं अंग रगडणारे पैलवान तरुण असतात, धडधाकट असतात, रोज त्याच अंगाला हात लावत असतात, कोणाचा खांदा परवा दुखावला हे त्यांना ठाऊक असतं आणि वस्ताद समोर उभा असतो. तोच जोर दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या, पहिल्यांदाच टेबलावर आलेल्या पन्नाशीच्या माणसावर लावणं म्हणजे तालमीची परंपरा पाळणं नाही. तिच्यातली ओळख आणि जबाबदारी टाकून द्यायची आणि फक्त जोर तेवढा उचलायचा, असा हा प्रकार आहे.

आणि अनोळखी अंगावर हा जोर कधी कधी फार महागात पडतो. दिल्लीतल्या एका तरुणाची नोंद न्यायवैद्यक साहित्यात आहे. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर झालं, ते काढल्यावरही पाय दुखत आणि सुजत राहिला, घरच्यांनी मायेने तेल लावून पाय चोळून दिला. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली आणि तो गेला. बरेच दिवस पडून राहिलेल्या, प्लास्टर झालेल्या, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा लांबचा प्रवास केलेल्या माणसाची एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तिला हात लावायचा नसतो, डॉक्टरकडे पाठवायचं असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराच्या दाबाने आत रक्त साकळतं. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या बरगडीला कोपर सोसत नाही. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्या माणसाला तर इजा होत असतानाही कळ येत नाही. त्याला ‘दुखतंय का’ हे विचारणंही पुरेसं नसतं. अतिजोराच्या मालिशने स्नायू इतके चिरडले गेले की त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण आला, अशाही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लघवी काळपट होणं ही या इजेची खूण. आणि केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान धरून कडकन वळवतात, त्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. असे प्रसंग विरळ आहेत, रोज घडत नाहीत. पण ते टाळायला पाच मिनिटांची विचारपूस पुरते, आणि तेवढी करायला कोणाची हरकत असावी?

व्यावसायिक मालिशची अपॉइंटमेंट म्हणजे खरं तर या विचारपुशीचीच किंमत आहे. घरी कोणीही पाय चेपून देतं; पैसे मोजायचे ते जाणत्या हाताचे. तो जाणता हात टेबलापाशी येण्याआधी बसून विचारतो: काय दुखतं, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे का, दिवस गेले आहेत का, कोणत्या तेलाची अ‍ॅलर्जी आहे, कुठे हात लागलेला चालणार नाही. आज काय करणार हे तो सांगतो आणि होकार घेतो. कपडे किती काढायचे हे येणारा ठरवतो, तो खोलीत एकटा असताना काढतो आणि चादरीखाली झोपतो. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा राहतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत दाब ठीक आहे का हे विचारलं जातं, आणि जागा बदलली की पुन्हा विचारलं जातं, कारण मांडीला सोसतो तो दाब मानेला सोसत नाही. दहापैकी किती, असं विचारण्याची रीत सोपी आहे. ‘हवाहवासा दाब’ आणि ‘आता पुरे’ यांतली रेघ पाच-सहाच्या पुढे सरकू द्यायची नाही. थांबा म्हटलं की हात थांबतो, कारण न विचारता. दुसऱ्या दिवशी थोडं अंग जड वाटणं चालतं. डाग, मुंग्या, बधिरपणा किंवा दोन दिवसांहून लांबलेलं दुखणं चालत नाही, आणि ते कळवलं तर पुढच्या वेळी हात बदललेला दिसला पाहिजे.

आपल्याकडे डॉक्टर किंवा नर्ससारखी मालिश करणाऱ्यांची सक्तीची नोंदणी नाही. कॅनडातल्या ओंटारियोत ती १९९१ च्या कायद्याने आहे. तिथे टोरांटोतल्या मराठी माणसाकडे टेबलावर झोपण्याआधी संमती मागितली जाते आणि ती त्याला मध्येच काढून घेता येते. काही चुकलं तर तक्रार कुठे करायची तेही ठरलेलं असतं. पुण्यात किंवा पणजीत ते ठरलेलं नाही. म्हणून इथे टेबलावरच्या माणसाचं ‘थांबा’ अधिकच महत्त्वाचं आहे, आणि तेच म्हणायला आपल्याला जड जातं. समोरचा जाणकार आहे, आपण पडून आहोत, अंगावर पुरते कपडे नाहीत, बोललो तर नाजूक म्हणतील. बाईला हे आणखी जड जातं. म्हणून विचारायची जबाबदारी हात लावणाऱ्याची आहे; सांगायचं धैर्य येणाऱ्याने गोळा करत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

उरतो मालिश करणाऱ्यांचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. ते म्हणतात, ‘लोकच जोरात करा म्हणतात, नाही केलं तर परत येत नाहीत, वर मालकाकडे तक्रार जाते.’ हे खरं आहे, आणि यात दोष त्यांचा एकट्याचा नाही. पण या जोराची किंमत तेही मोजत असतात. अंगठ्याच्या मुळाचा सांधा, मनगट, कोपर आणि कंबर ही या धंद्यातल्या माणसांची सर्वांत आधी दुखू लागणारी ठिकाणं. दिवसाला सहा-सात पाठी अंगठ्याने रेटणारा मुलगा काही वर्षांत रात्री पाण्याचा तांब्या नीट धरू शकत नाही, आणि मग या कामाबाहेर पडतो, किंवा दुखरा अंगठा घेऊनच ते करत राहतो. अंगठ्याऐवजी तळवा आणि बाहूचा सपाट भाग वापरणं, टेबलाची उंची आपल्या मापाने बदलणं, खांद्याच्या ताकदीऐवजी शरीराचं वजन हळूहळू टेकवणं, हे चांगल्या प्रशिक्षणात शिकवतात. या रीतीने दिलेला दाब खोल जातो, पण टोचत नाही. हे ज्याला येतं त्याला ‘सोसा’ म्हणायची वेळ सहसा येत नाही, आणि त्याचे हात साठीपर्यंत कामाला येतात.